एकत्व मानणाऱ्या ग्रुपमध्ये भोपाळचं दुःख कुठे ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही इंदुरात एका ध्यानाच्या ग्रुपला जाता, सगळीकडे एकच चैतन्य आहे हे तुम्हाला मनापासून पटलंय, नुसतं पटलं नाही तर बसल्यावर कधीकधी तसं जाणवतंही. आणि त्याच ग्रुपमध्ये एक काकू होत्या, मूळच्या भोपाळच्या, ज्यांचा चार वर्षांचा भाऊ 1984 च्या भोपाळ गॅसदुर्घटनेत गेला. जानेवारी 2025 मध्ये, ज्या कारखान्यातून तो वायू सुटला त्या युनियन कार्बाइडचा विषारी कचरा जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पीथमपूरला आला तेव्हा त्या पहिल्यांदाच ग्रुपमध्ये त्या रात्रीबद्दल बोलायला लागल्या, रडल्या, तर कुणीतरी म्हणालं काकू मरण शरीराला असतं, आत्म्याला कुठे असतं, आणि दुसरं कुणी म्हणालं आपण इथे एनर्जी वर न्यायला येतो, खाली आणायला नाही. काकू नंतर आल्याच नाहीत. आता तुम्ही विचारताय की मी एकत्वावरचा विश्वास धरून ठेवू की हे सगळं दुःख डोळे उघडून बघू, दोन्ही एकदम कसं जमवायचं, आणि हा ग्रुप सोडून देऊ का.

मी इंदुरातच समुपदेशनाचं काम करते, त्यातलं बरंचसं घरात माणूस गेलेल्यांबरोबर, आणि माहेरी दत्तभक्ती असल्यामुळे उपासना, ध्यान, थोडंफार वेदान्ताचं वाचन हे लहानपणापासून आहे. म्हणजे दोन्ही बाजू माझ्या घरच्याच. तर सरळ सांगते, विश्वास सोडायची काही गरज नाही, फक्त क्रम बदलायचा आहे. आधी दुःख ऐकायचं, पूर्ण ऐकायचं, नावागावासकट, आणि त्या वेळी एकत्वाचा विचार आपण आपल्यापुरता आत ठेवायचा, समोरच्याच्या पदरात टाकायचा नाही. काकूंनी स्वतः उद्या म्हटलं की माझा भाऊ कुठेही गेलेला नाही, तो त्याच चैतन्यात आहे, तर ते त्यांचं आहे, चाळीस वर्षं ते दुखणं जगून त्या तिथवर आल्यात. तेच वाक्य ज्याच्या घरातलं कुणी गेलं नाही त्यानं त्यांना ऐकवलं तर त्याचा अर्थ एवढाच पोचतो की आता गप्प बसा. शब्द तेच असतात पण कोण कुणाला म्हणतंय यानं सगळं बदलतं.

आधी जरा त्या रात्रीकडे बघा, कारण माझा अनुभव असा आहे की ‘सगळं एकच आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती नीट पाहिलेलीच नसते. 2 आणि 3 डिसेंबरच्या मधली रात्र, थंडी, लोक दारं लावून झोपलेले, कारखान्यातून साधारण 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वर उडून गेला नाही, जमिनीलगत पसरला, म्हणजे उंचीला लहान असलेल्यांच्या नाकातोंडात जास्त गेला, मुलांच्या. लोक उठून पळाले आणि पळताना श्वास जोरात घेतला जातो म्हणून पळणाऱ्यांना आणखी त्रास झाला. ओलं फडकं तोंडावर धरा एवढं सांगायलासुद्धा त्या वस्त्यांमध्ये कुणी नव्हतं. आता काकूंच्या आईचा विचार करा. पोराला कडेवर घेऊन पळणं हे कुठलीही आई करेल तेच, आणि नेमकं तेच... मी पुढचं लिहीत नाही. पण काकू चाळीस वर्षं जे धरून बसल्यात त्यात ‘भाऊ गेला’ एवढंच असेल असं मला वाटत नाही, आईनं काय केलं आणि काय करायला हवं होतं हेही असणार, आणि त्यावर आत्मा अमर आहे हे उत्तरच नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नाहीये.

या सवयीला मानसशास्त्रात नाव आहे, जॉन वेलवुड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात दिलेलं, स्पिरिच्युअल बायपासिंग. ते स्वतः ध्यान करणारे होते, बाहेरून टीका करणारे नव्हते. त्यांचं निरीक्षण असं की माणूस अध्यात्मातल्या उंच कल्पना वापरून स्वतःच्या न सुटलेल्या जखमांना वळसा घालतो. मला यात एक भर घालावीशी वाटते ती अशी की आपण हे एकट्यानं जितकं करतो त्याहून जास्त घोळक्यानं करतो. ग्रुपमध्ये एक जण रडला की बाकीच्या वीस जणांच्या आत काहीतरी हलतं, कुणाला आपली आई आठवते, कुणाला 2021 चा एप्रिल, ऑक्सिजनसाठी केलेले फोन, आणि ते हललेलं सहन होत नाही म्हणून कुणीतरी पटकन तत्त्वज्ञानाचं झाकण लावतं. ‘एनर्जी खाली आणू नका’ म्हणणारी व्यक्ती वाईट नसते, बहुतेक वेळा ती घाबरलेली असते. म्हणून त्यांच्यावर चिडण्यात वेळ घालवू नका, पण झाकण लागलं होतं हे मात्र स्पष्ट बघा.

आता तत्त्वाकडे येते, कारण तुम्ही अद्वैताचा अभ्यास करता असं लिहिलंय. शंकराचार्यांनी पारमार्थिक आणि व्यवहारातलं अशा दोन पातळ्या मांडल्या. परमार्थात भेद नाही, व्यवहारात आहे, आणि जोवर तुम्ही आम्ही जेवतो, झोपतो, मुलांच्या फिया भरतो, तोवर व्यवहाराची पातळी खरी धरूनच वागायचं असतं. आपण काय करतो, स्वतःच्या प्लॉटची बाउंड्री दोन फूट सरकली तर व्यवहाराच्या पातळीवर कोर्टात जातो, आणि दुसऱ्याचं पोर गेलं की लगेच परमार्थाच्या पातळीवर चढतो. हे अद्वैत नव्हे, ही सोय झाली. आणि साक्षीभावाचंही तसंच. साक्षी व्हायचं ते आपल्या स्वतःच्या मनात उठणाऱ्या गोष्टींचं, भीती उठली, राग उठला, तो बघितला. समोर शेजारीण रडतेय आणि मी साक्षीभावात बसलेय असा त्याचा उपयोग कुठल्याही गुरूंनी सांगितलेला मला माहीत नाही.

आपण इंदूरचे लोक अहिल्याबाईंचं नाव दिवसातून किती वेळा घेतो, विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. त्यांच्या शिवभक्तीबद्दल कुणाला शंका नाही. नवरा 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेला, सासरे 1766 मध्ये, मुलगा 1767 मध्ये, आणि म्हातारपणी 1791 मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली. सर जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या प्रसंगाची हकीकत लिहून ठेवलीय. अहिल्याबाईंनी मुलीला खूप समजावलं, ती ऐकेना, तेव्हा त्या स्वतः चितेपर्यंत गेल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते, आणि ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, त्या किंचाळल्या आणि धरून ठेवणाऱ्यांच्या हातांतून सुटता येईना म्हणून त्या हातांना चावल्या. मग नर्मदेत स्नान झालं, आणि नंतर तीन दिवस जवळजवळ काही न खाता, एक शब्द न बोलता वाड्यात बसून राहिल्या. पुण्यश्लोक म्हणतो आपण त्यांना. त्यांच्या भक्तीला त्या चावण्यानं काही कमीपणा आला का? मला तर हे वाचल्यावर त्यांची भक्ती जास्त खरी वाटायला लागली. आणि आजूबाजूच्या कुणी त्या तीन दिवसांत त्यांना वेदान्त सांगितल्याचं निदान माल्कमनं तरी लिहिलेलं नाही.

तुकोबांचंही बघा. दुष्काळात पहिली बायको अन्न अन्न करत गेली हे त्यांनी स्वतःच्या अभंगात सरळ सांगितलंय, काही झाकलं नाही, देवाच्या नावाखाली गोड केलं नाही. आपल्या इंदुरात तर कितीतरी मराठी घरांत रोज संध्याकाळी करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना म्हणतात, नानामहाराज तराणेकरांमुळे घराघरात पोचली ती, आणि त्यात काय आहे? आळवणी आहे, धावा आहे, आता तरी राग आवर आणि आमच्याकडे बघ असं देवाला विनवणं आहे. आपल्या परंपरेत रडायला, भांडायला, विनवायला कायम जागा होती. ‘पॉझिटिव्ह राहा’ हे बाहेरून अलीकडे आलेलं आहे आणि आपण ते अध्यात्म समजून बसलोय.

बरं आता पीथमपूर. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण तुमच्या प्रश्नाची खरी परीक्षा इथे आहे, आणि ती आपल्या अंगणातली आहे. डिसेंबर 2024 मध्ये हायकोर्टानं चार आठवड्यांत कचरा हलवा असं सांगितलं, 1 जानेवारीच्या रात्री 12 सीलबंद कंटेनरमधून 337 टन कचरा भोपाळहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पीथमपूरला पोचला. 3 जानेवारीला तिथे बंद होता, आंदोलन झालं आणि दोघांनी अंगावर ज्वलनशील काहीतरी ओतून घेतलं, ते भाजले. इंदूरमधल्या डॉक्टरांनी सुद्धा कोर्टात धाव घेतली होती. यशवंत सागर तलावाच्या पाण्याचं काय, तारपुऱ्यासारख्या कारखान्याला लागून असलेल्या गावांचं काय, हे प्रश्न खरे होते. पुढे चाचण्या झाल्या आणि जूनच्या शेवटापर्यंत सगळा कचरा जाळून झाला असं सांगितलं गेलं, जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो म्हणून मागे उरलेली राख नि अवशेष मूळ कचऱ्यापेक्षा वजनाला जास्तच भरले, म्हणजे प्रश्न काही धूर होऊन गेला नाही.

त्या दिवसांत मी माझ्या ओळखीतल्या किती साधक मंडळींच्या तोंडून ऐकलं, भोपाळचं विष आमच्याकडे कशाला. जे लोक सकाळी सर्वेपि सुखिनः सन्तु म्हणतात तेच. मी त्यांना दोष देत नाही, भीती खरी होती आणि सुरक्षिततेची हमी मागणं हे नागरिकाचं कामच आहे, मी स्वतः ती मागणाऱ्यांच्या बाजूची होते. पण त्या ‘आमच्याकडे’ आणि ‘भोपाळचं’ या दोन शब्दांपाशी जरा थांबून स्वतःला विचारायला हवं होतं की हा कचरा चाळीस वर्षं कुणाच्या घराशेजारी पडून होता. त्या वस्त्यांमधल्या माती-पाण्याचा प्रश्न 337 टन उचलल्यानं संपलेलाही नाही, जमिनीत मुरलेलं तिथेच आहे. म्हणजे एकत्व मानणाऱ्या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी म्हणता यायला हव्यात, की पीथमपूरच्या लोकांना धोक्यात टाकू नका, आणि भोपाळच्या लोकांनी हे आमच्या वाट्याचंसुद्धा सोसलं. पहिली म्हणणारे खूप होते. दुसरी म्हणणारे फार कमी भेटले. आणि तुमच्या काकू नेमक्या या दोन्हींच्या मध्ये बसल्या होत्या, लहानपण तिथलं, आताचं घर इथलं, आणि दोन्हीकडून कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतंय.

काही वेळा शहरच्या शहर असं झाकण लावतं. राजवाडा 1984 मध्ये जळाला हे इंदूरच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, हळहळून सांगेल, किती सुंदर लाकडी काम होतं, होळकरांची शान. पण तो कशात जळाला? इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत, भोपाळच्या महिनाभर आधी. त्या दंगलीत शीख कुटुंबांवर काय गुदरलं हे त्याच वाक्यात किती जण म्हणतात? वाडा पुन्हा उभा राहिला, त्याचे फोटो आपण स्टेटसला ठेवतो. मी हे कुणाला टोचायला लिहीत नाहीये, माझंही त्या वाड्यावर प्रेम आहे. पण सामूहिक दुःख म्हणजे काय हे समजायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला सापडत नाही, आपल्याला दगडालाकडाचं नुकसान लक्षात राहतं आणि शेजारच्या माणसाचं विसरायला होतं, आणि मग वर आपण म्हणतो इंदुरात सगळे मिळून मिसळून राहतात. राहतात, खरंच राहतात, पण ज्यांचं जळलं त्यांनी ते बोलायचं नाही या अटीवर असेल तर ते मिसळणं अर्धंच.

तसंच 30 मार्च 2023, रामनवमी, बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू असताना बावडीवरचा, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब खचला आणि 36 माणसं गेली. तेव्हा ‘रामनवमीला गेले, भाग्यवान’ असं म्हणणारी माणसं मी माझ्या कानांनी ऐकली. कृपा करून असं कधी कुणाला म्हणू नका. कर्माचे भोग म्हणू नका, देवाची इच्छा म्हणू नका, सुटले म्हणू नका. बावडी झाकून वर बांधकाम माणसांनी केलं होतं, त्याबद्दल नोटीस दिली गेली होती आणि पुढे काही झालं नव्हतं हे पेपरात सगळ्यांनी वाचलंय. जिथे माणसाची जबाबदारी आहे तिथे देवाला पुढे केलं की जबाबदार माणूस मागच्या मागे निघून जातो, आणि पुढची बावडी तशीच झाकलेली राहते. भोपाळमध्ये तर 26 वर्षांनी, जून 2010 मध्ये, सात अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. यावर राग येणं हे अध्यात्मातलं घसरणं नाही. त्या रागातूनच भोपाळच्या बायका 2006 आणि 2008 मध्ये चालत दिल्लीला गेल्या. दोषी माणसातही तेच चैतन्य आहे असं मी मानते, आणि त्याला शिक्षा व्हायला हवी असंही मानते, मला यात विरोध दिसत नाही, कारण पहिल्यामुळे मी त्याचा द्वेष करत नाही आणि दुसऱ्यामुळे मी त्याच्या पायाखाली आलेल्यांना सोडून देत नाही.

मग एकत्वाचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. खूप आहे. माझ्या कामात मी पाहिलंय की ज्यांची साधना खरी आहे ते दुसऱ्याच्या दुःखाजवळ जास्त वेळ बसू शकतात, त्यांना पळून जावंसं कमी वाटतं. ध्यानात ‘मी’ची कडा सैल होते ना, ती फक्त आनंदासाठी सैल होत नाही, तिथून बाकीच्यांचं दुखणंही आत यायला लागतं. बरेच साधक इथे घाबरतात, त्यांना वाटतं आपलं काहीतरी चुकतंय, इतके दिवस शांत वाटत होतं आणि आता बातमी बघितली तरी डोळे भरतात. चुकत काही नाही. साधना पुढे जाते तसं दुःख जास्त जाणवतं, फक्त त्यात बुडून जायला होत नाही, तळाला कुठेतरी पाय टेकलेला राहतो. तो टेकलेला पाय म्हणजे तुमचं एकत्व. ते काकूंना सांगायचं नसतं, त्याच्या आधारावर काकूंचं ऐकायचं असतं.

ऐकायचं कसं हे मात्र शिकावं लागतं, नुसत्या चांगल्या मनानं भागत नाही. मी गट घेते तेव्हा ध्यानाच्या आधी अर्धा तास ठेवते. सतरंजीवर गोल बसायचं, मोबाइल बाहेरच्या खोलीत. एक जण बोलणार, बाकीचे ऐकणार, मध्ये सल्ला नाही, ‘माझ्याही मावशीचं असंच झालं’ नाही, श्लोक नाही. रडायला आलं तर लगेच उठून पाठीवर हात ठेवायचा नाही, पाणी पुढे करायचं नाही, कारण आपण ते बहुतेक वेळा आपल्याला बघवत नाही म्हणून करतो आणि रडणाऱ्याला वाटतं आवरायला सांगतायत. भांडं नि पेला मधोमध ठेवलेला असतो, हवं तेव्हा तो माणूस घेतो. ऐकताना स्वतःच्या अंगाकडे लक्ष ठेवायचं, जबडा आवळलाय का, श्वास वरच अडकलाय का, पायाचे तळवे जमिनीला लागलेत का. तळवे जाणवतायत तोवर तुम्ही ऐकू शकता. सगळं बधिर झालं किंवा छातीत धडधडायला लागलं तर खाली बघून चार श्वास घ्या, सोडताना लांब. बोलणं संपलं की मी फक्त एक गोष्ट विचारते, त्यांचं नाव काय होतं. एकदा एक आजोबा, पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीबद्दल बोलत होते, सगळं सांगितलं, आजार, दवाखाना, पाऊस, पण नाव नाही आलं, विचारल्यावर कितीतरी वेळ गप्प राहिले आणि मग घरातलं लाडाचं नाव सांगितलं, आणि तिथे रडले, आधी नव्हते रडले. त्यानंतर सगळ्यांनी ते नाव एकदा म्हणायचं, आणि मग ध्यानाला बसायचं. ते ध्यान वेगळंच लागतं, हे तुम्ही करून बघा.

काकूंकडे जा. आधी फोन करा, अचानक धडकू नका. एकट्या जा, ग्रुपचं शिष्टमंडळ नको. त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही आणि मी गप्प बसले याचं मला वाईट वाटलं, एवढं म्हणा, त्यापुढे समर्थन करत बसू नका, बाकीचे कसे मनानं वाईट नाहीत हे सांगू नका. त्यांना बोलायचं नसेल तर चहा पिऊन परत या आणि महिन्याभरानं पुन्हा जा. बोलल्या तर भावाचं नाव विचारा. दरवर्षी 3 डिसेंबरला त्यांना फोन करा, ही तारीख सगळ्यांना पेपरमध्ये दिसते पण त्यांना फोन कोण करतं? आणि त्यांची तयारी असेल तर कधीतरी त्यांच्याबरोबर भोपाळला जा, इंदूरहून चार तासांचा रस्ता आहे. कारखान्यासमोर रूथ वॉटरमन या शिल्पकर्तीनं केलेला पुतळा आहे, एक आई, हातात तान्हं मूल, मागे पदराला लटकलेलं दुसरं, आणि एका हातानं तिनं चेहरा झाकून घेतलाय. खाली लिहिलंय नो हिरोशिमा, नो भोपाल, वी वाँट टु लिव्ह. तिथे उभं राहिल्यावर तुमचा आणि काकूंचा विषय तत्त्वज्ञानाचा राहणार नाही. पण हे त्यांनी म्हटलं तरच, तुम्ही ‘हीलिंग’साठी म्हणून त्यांना ओढून नेऊ नका.

बातम्यांबद्दल तुम्ही विचारलंय की किती बघायच्या. जगातलं सगळं दुःख तुमच्या फोनवर येतं पण ते सगळं उचलायला तुम्ही बांधील नाही, कुणीच नाही. व्हिडिओ बघू नका, वाचा, वाचलेलं मन पचवू शकतं, बघितलेलं रात्री परत येतं. झोपायच्या आधी तर नाहीच. आणि एक दुःख निवडा, जे तुमच्या जवळचं आहे, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहा. तुमच्यासाठी भोपाळ-पीथमपूर आहे असं मला वाटतं, ते आपोआप तुमच्या समोर आलंय. राखेचं पुढे काय झालं हे विचारत राहा, आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या पाण्याच्या तपासण्यांचे रिपोर्ट माहितीच्या अधिकारात मागता येतात, एखादा अर्ज टाका, तिथल्या शाळेत जाऊन या. दहा विषयांवर हळहळण्यापेक्षा एका विषयात टिकून राहणं मनालाही सोसतं आणि समोरच्यांनाही त्याचा काही उपयोग होतो. रोज प्रत्येक दुर्घटनेचा फोटो आणि हात जोडलेला इमोजी टाकणाऱ्यांचं मन काही दिवसांनी कोरडं पडतं हे मी बघितलंय.

आणि हेही नीट ऐका, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, अचानक धाप लागून घाबरायला होत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं असेल, तर तो साधनेचा टप्पा समजून सहन करू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फोन फुकट आहे आणि आपल्या भाषेत बोलता येतं. औषध घेतल्यानं साधना बाटत नाही. हे मी काकूंच्या बाबतीतही म्हणते, इतकं जुनं दुःख उघडलं की कधीकधी ते मैत्रीच्या आवाक्याबाहेरचं असतं, तेव्हा तुम्हीच त्यांच्या थेरपिस्ट व्हायला जाऊ नका.

राहिला ग्रुप सोडण्याचा प्रश्न. लगेच सोडू नका. जे ग्रुप चालवतात त्यांना एकट्यांना भेटा, सगळ्यांसमोर विषय काढला की त्यांना बाजू मांडावी लागेल. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवा, एक म्हणजे महिन्यातून एकदा ध्यानाच्या आधी अर्धा तास ऐकण्यासाठी द्या, वर लिहिलंय तशा नियमांनी, आणि दुसरं, ग्रुपमध्ये कुणी रडलं तर त्यावर तत्त्व सांगायचं नाही हे सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगा. ते काय म्हणतात त्यापेक्षा ऐकताना त्यांचं काय होतं ते बघा. त्यांना अवघडल्यासारखं झालं पण त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ मागितला, तर राहा, दोन-चार महिने द्या. त्यांनी हसून विषय उडवला किंवा तुमचीच व्हायब्रेशन्स कमी पडतायत असं काही सांगितलं तर मग तिथे राहण्यात अर्थ नाही. चार जणी मिळून घरी बसा, सुदामा नगरला असो की टिळक नगरला, त्याला गुरू लागत नाही, सतरंजी लागते आणि कुणीतरी वेळ बघणारं लागतं. पहिल्या बैठकीला कुणी बोलेलच असं नाही, तरी तो अर्धा तास तसाच ठेवा, भजनानं भरून काढू नका.